काल्पनिक गायक आणि सामायिक कथाविश्वे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादे गाणे आवडावे, गायकाचे नाव शोधावे आणि हाती हाडामांसाच्या माणसाऐवजी एक रेखाटलेले पात्र यावे, असा अनुभव आलेल्या वाचकांसाठी हे प्रश्न व त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. भर मुख्यतः गोरिलाझ हा ब्रिटिश बँड, हात्सुने मिकू ही जपानी आभासी गायिका आणि डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा ॲनिमेशनपट या तीन उदाहरणांवर आहे. पात्र, गाणे आणि कथा यांची वीण कशी जमते, हे या तिघांत सर्वांत स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे.

काल्पनिक बँड म्हणजे नेमके काय?

ज्या बँडचे सदस्य चितारलेले असतात, पण ज्याची गाणी खऱ्या बाजारात, खऱ्या श्रोत्यांसाठी प्रसिद्ध होतात, तो काल्पनिक किंवा आभासी बँड. चित्रपटात गाणारे प्रत्येक ॲनिमेशन पात्र या व्याख्येत बसत नाही. चित्रपट संपला की त्या पात्राचे गाणेही कथेपुरते उरते. काल्पनिक बँडचे तसे नसते. त्याच्या सदस्यांना नावगाव, स्वभाव, भांडणे, भूतकाळ असे सारे काही दिलेले असते आणि प्रत्येक नव्या अल्बमबरोबर त्यांचे आयुष्य पुढे सरकते. श्रोता गाणे ऐकतो आणि त्याच वेळी एका चालू कथेचा पुढचा भागही पाहत असतो.

आणि सामायिक कथाविश्व?

एकाहून अधिक कलाकृती ज्या एकाच काल्पनिक जगात घडतात, ते सामायिक कथाविश्व. कल्पना आपल्याला परकी नाही. तमाशातील गण-गवळण आठवून पाहावी. कृष्ण, पेंद्या, मावशी ही पात्रे कोणा एका फडाच्या मालकीची नाहीत. प्रत्येक फड ती आपापल्या बोलीत आणि आपापल्या विनोदाने उभी करतो, आणि मावशी गौळणींची बाजू घेऊन कृष्णाशी हुज्जत घालणार हे प्रेक्षकाला ती रंगमंचावर येण्याआधीच ठाऊक असते. पुढे आलेल्या जपानी उदाहरणांत जे घडते ते याच्या बरेच जवळचे आहे, इतकेच की तेथे फडाची जागा घरी संगणकासमोर बसलेल्या संगीतकाराने घेतली आहे.

आवाज दुसऱ्याचा आणि चेहरा चित्राचा, ही श्रोत्याची फसवणूक नव्हे काय?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि तो मराठी वाचकाने विचारावा याचे मला दर वेळी थोडे नवल वाटते. पडद्यावर ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, ही गोष्ट पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना कधीच खटकली नाही. आपल्याकडे गायिकेचे नाव ध्वनिमुद्रिकेवर असते, रेडिओवर निवेदक ते उच्चारतो, आणि नायिकेची लोकप्रियता व गायिकेची थोरवी या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी नांदतात.

फसवणुकीचा मुद्दा उद्भवतो तो नाव लपवले जाते तेव्हा. ‘द आर्चीज’ हा अमेरिकी चित्रकथांतील मुलामुलींचा बँड. त्यांच्यावरील ॲनिमेशन मालिका १९६८ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे ‘शुगर, शुगर’ हे गाणे लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकी ‘बिलबोर्ड’ यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. प्रत्यक्ष गाणारे रॉन डान्टे होते आणि त्यांच्या जोडीला टोनी वाइन होत्या. पण तबकडीवर कलाकार म्हणून केवळ काल्पनिक बँडचे नाव छापलेले होते. त्या काळचा व्यवहारच तसा होता, तरीही मला ते अन्यायाचे वाटते.

त्याच्या शेजारी २०२५ मधील ‘के-पॉप डीमन हंटर्स’ हा ॲनिमेशनपट ठेवून पाहावा. त्यातील तीन काल्पनिक गायिकांचे ‘गोल्डन’ हे गाणेही बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, पण या वेळी गाण्याच्या श्रेयात पात्रांच्या बँडच्या नावाला लागूनच इजे, ऑड्री नूना आणि रे आमी या तिघी गायिकांची नावेही होती. पात्रांचे संवाद बोलणाऱ्या अभिनेत्री आणखी वेगळ्या आहेत, म्हणजे एकेका पात्रामागे दोन गळे आहेत, आणि ही गोष्ट कोणी दडवलेली नाही. पात्र कितीही काल्पनिक असले तरी श्रम खरे असतात. त्यामुळे दोन्ही नावे एकत्र छापणे हीच रीत योग्य, असे माझे ठाम मत आहे.

ही परंपरा केव्हापासूनची आहे?

ध्वनिमुद्रणाच्या तंत्राशी तिचा थेट संबंध आहे. १९५८ मध्ये रॉस बॅगडासेरियन या अमेरिकी गायक-संगीतकाराने टेपचा वेग कमी ठेवून सावकाश गाऊन घेतले आणि मग तीच टेप नेहमीच्या वेगाने वाजवली. वेग निम्म्यावरून पूर्ण केला की आवाज बरोबर एक सप्तक वर चढतो, आणि मोठ्या माणसाचा गळा एखाद्या चिमुकल्या प्राण्यासारखा ऐकू येतो. त्या आवाजाला शरीर हवे म्हणून ॲल्विन, सायमन आणि थिओडोर या तीन खारी जन्मल्या. त्यांची नावे ध्वनिमुद्रिका कंपनीतील तिघा माणसांवरून ठेवली गेली. येथे क्रम लक्षात घ्यावा. आधी आवाज सापडला, पात्रे नंतर आली आणि त्यांची ॲनिमेशन मालिका तर त्याही पुढे, १९६१ मध्ये.

बीटल्सने १९६७ मध्ये उलट बाजूने प्रयोग केला. जिवंत, जगप्रसिद्ध चौघांनी एका अल्बमपुरते स्वतःला ‘सार्जंट पेपर’च्या काल्पनिक बँडचे रूप दिले. पुढच्या वर्षी ‘यलो सबमरीन’ या ॲनिमेशनपटात तो काल्पनिक बँड पेपरलँड नावाच्या देशाचा रहिवासी झाला आणि चितारलेले बीटल्स त्याच्या सुटकेसाठी निघाले. अल्बमच्या वेष्टनावर जन्मलेली कल्पना अशी वर्षभरात एका मुलखाची रहिवासी झाली. जॉर्ज डनिंग यांचे दिग्दर्शन आणि हाइन्झ एडेलमान यांची चित्रशैली यांमुळे हा चित्रपट आजही टवटवीत वाटतो. बीटल्सचे संवाद मात्र त्यांनी स्वतः नव्हे, तर अभिनेत्यांनी म्हटले आहेत.

गोरिलाझची कथा काय आहे? ती माहीत नसेल तर गाणी समजतात काय?

गाणी समजतात, कारण ती स्वतंत्रपणे उभी राहतील अशीच रचलेली आहेत. पण कथा माहीत असली की ऐकण्याला दुसरा मजला चढतो.

ब्लर या बँडचे गायक डेमन अल्बार्न आणि चित्रकथाकार जेमी ह्यूलेट हे लंडनमध्ये एकाच घरात राहत असताना १९९८ मध्ये या बँडची कल्पना निघाली. दूरचित्रवाणीवरील संगीतवाहिनी पाहताना त्यांना त्यातील कलाकार इतके घडवलेले आणि पोकळ वाटले, की उघडपणे घडवलेला बँडच का काढू नये, असे त्यांच्या मनात आले. ह्यूलेट यांनी चौघांना रेखाटले. निळ्या केसांचा, भाबडा गायक टू-डी. हिरवट कातडीचा, उपद्व्यापी बासवादक मर्डॉक निकल्स. जपानहून आलेली गिटारवादक मुलगी नूडल. आणि अमेरिकी ड्रमवादक रसेल हॉब्स. पहिला अल्बम २००१ मध्ये आला.

कथेनुसार टू-डीचे खरे नाव स्टुअर्ट. तो वाद्यांच्या दुकानात नोकरीला होता. मर्डॉकने चोरीच्या बेताने आपली मोटार त्या दुकानात घुसवली, ती नेमकी स्टुअर्टच्या डोक्यावर आदळली, आणि नंतरच्या दुसऱ्या अपघातात त्याला आणखी एक मार बसला. डोक्याला पडलेल्या त्या दोन पोचांवरून त्याचे टोपणनाव पडले. नूडल चक्क कुरिअरच्या पेटीतून आली. तिला इंग्रजीचा एकच शब्द येत होता, तोच तिचे नाव झाला.

रसेलच्या वाट्याला आलेली कथा मला सर्वांत हुशारीची वाटते. त्याच्या अंगात गोळीबारात मेलेल्या मित्राचे, डेलचे, भूत वसते. ‘क्लिंट ईस्टवुड’ या गाण्याच्या चित्रफितीत टू-डीचा मंद, झोपाळू आवाज संपतो, रसेलच्या डोक्यातून निळसर धूर वर येतो, त्या धुराला तोंड फुटते आणि ते तोंड वेगवान रॅप म्हणू लागते. हा रॅप डेल द फंकी होमोसेपियन या खऱ्या कलाकाराचा आहे. एखाद्या साध्या बँडने त्याला ‘पाहुणा कलाकार’ म्हटले असते. येथे पाहुण्याच्या येण्याला कथेतच कारण आहे, आणि ते दुःखाचे कारण आहे. काल्पनिक चौकट संगीतकारांना कोणते स्वातंत्र्य देते, ते या काही क्षणांत दिसते. एकाच गाण्यात दोन अगदी भिन्न शैली नांदतात आणि श्रोत्याला ते जोडकाम वाटत नाही.

पुढे कथा गडद होत गेली. २००५ च्या ‘डेमन डेज’ अल्बमातील ‘फील गुड इंक.’ गाण्यात टू-डी एका उंच मनोऱ्यात, जमिनीवर निपचित पडलेल्या माणसांच्या मधोमध भोंग्यातून ओरडत असतो आणि खिडकीबाहेर ढगांतून एक हिरवेगार बेट तरंगत जाते. बेटावर पवनचक्की फिरते आहे आणि तिच्या पायथ्याशी नूडल निवांत गिटार वाजवत बसली आहे. त्याच अल्बमातील ‘एल मान्याना’मध्ये हेच बेट हेलिकॉप्टरच्या गोळीबाराने पेटून खाली कोसळते. पहिली चित्रफीत पाहिलेल्याला दुसरी पाहताना जो धक्का बसतो, तो केवळ गाणे ऐकून बसणार नाही. २०१० च्या ‘प्लास्टिक बीच’मध्ये चौघांपैकी जे उरले ते कचऱ्यापासून बनलेल्या समुद्री बेटावर आहेत आणि मर्डॉकने नूडलची यांत्रिक प्रतिकृती तयार केली आहे.

ही पात्रे वयाने वाढतात काय?

होय. बहुतेक व्यंगचित्र मालिकांत मुले कायम तेवढीच राहतात. पहिल्या अल्बमाच्या वेळी लहान मुलगी असलेली नूडल पुढच्या टप्प्यांत किशोरी आणि नंतर प्रौढ स्त्री म्हणून रेखाटली गेली आहे. तिचे आवाजही बदलले. ‘डेअर’ या गाण्यात तिच्या वाट्याचे गायन रोझी विल्सन यांनी केले आहे. २००१ पासून ऐकणारा श्रोता तिच्याबरोबर वाढला, आणि या बँडच्या चाहत्यांत जी माया दिसते तिचे एक कारण हेही असावे.

एका कथाविश्वातील पात्र दुसऱ्यात जाऊ शकते काय?

जाऊ शकते, मात्र हक्कधारकांची परवानगी लागते आणि कथेत जागा असावी लागते. २०१८ च्या ‘द नाऊ नाऊ’ अल्बमाच्या काळात मर्डॉक तुरुंगात होता. बासवादकाची जागा रिकामी होती. ती भरून काढायला आला एस, म्हणजे ‘द पॉवरपफ गर्ल्स’ या कार्टून नेटवर्कवरील मालिकेतील हिरव्या कातडीच्या टोळीचा काळा चष्मा लावणारा म्होरक्या. ती मालिका आपल्याकडेही शाळेतून आल्यावर पाहिलेल्या अनेकांना ‘हा तर ओळखीचा दिसतो’ असे क्षणभर वाटले असेल. मर्डॉक सुटला तेव्हा एस निघून गेला. या पाहुणचारात गंमत आहे आणि नेमकेपणाही आहे. एका हिरव्या खलप्रवृत्तीच्या पात्राच्या जागी तसेच दुसरे आले, त्यामुळे चित्रचौकटीचा तोल बिघडला नाही.

संवादच नसलेला ॲनिमेशनपट कथा कशी सांगतो?

‘इंटरस्टेला ५५५५’ हा २००३ चा चित्रपट सुमारे ६५ मिनिटांचा आहे. डाफ्ट पंकच्या २००१ मधील ‘डिस्कव्हरी’ या अल्बमातील १४ गाणी अल्बमच्याच क्रमाने त्यात वाजतात, आणि कोणतेही पात्र संवाद म्हणत नाही. दूरच्या ग्रहावरील निळ्या कातडीच्या चौघा वादकांचे पृथ्वीवरील एक दुष्ट व्यवस्थापक अपहरण करतो, त्यांच्या आठवणी काढून घेतो, त्यांना माणसांचे रूप देतो आणि तारांकित बँड म्हणून विकतो.

‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’ हे गाणे येथे अवश्य पाहावे. यंत्राच्या ठेक्यावर एकेक तोडलेला शब्द पडत असतो आणि पडद्यावर बेशुद्ध वादक सरकत्या पट्ट्यावरून एकामागून एक पुढे जात असतात. त्यांच्या निळ्या कातडीवर माणसाचा रंग चढवला जातो, त्यांच्या स्मृती उतरवून घेतल्या जातात, नवे कपडे घातले जातात. नाचताना जे शब्द उत्साहाचे वाटत होते, तेच येथे कारखान्याच्या हुकमासारखे ऐकू येतात. गाण्यातील एकही स्वर बदललेला नाही. चित्राने अर्थ बदलला.

चित्रपटाची दृश्यकल्पना लेजी मात्सुमोतो यांच्या देखरेखीखाली झाली, निर्मिती जपानच्या तोएई ॲनिमेशनने केली आणि दिग्दर्शन काझुहिसा ताकेनोउची यांचे आहे. मात्सुमोतो यांची निवड योगायोगाने झालेली नाही. त्यांचा अंतराळातील लुटारू ‘कॅप्टन हार्लॉक’ फ्रान्समध्ये ‘अल्बातोर’ या नावाने दाखवला गेला होता आणि डाफ्ट पंकमधील दोघेही ती मालिका पाहत मोठे झाले होते. मात्सुमोतो हे स्वतःही सामायिक कथाविश्वाचे मोठे शिल्पकार होते. हार्लॉक, एमेराल्डास आणि ‘गॅलेक्सी एक्सप्रेस ९९९’चे प्रवासी एकमेकांच्या कथांतून ये-जा करतात. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले.

हात्सुने मिकू गायिका आहे की सॉफ्टवेअर?

मुळात ती सॉफ्टवेअरची खोक्यातील एक प्रत होती. साप्पोरो येथील क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी ती बाजारात आणली. यामाहाच्या व्होकॅलॉइड तंत्रावर चालणाऱ्या या उत्पादनात साकी फुजिता या अभिनेत्रीच्या आवाजातील अक्षरांचा साठा होता. संगीतकाराने सूर आणि शब्द भरायचे, संगणकाने त्या अक्षरांची सांधेजोड करून गायचे, असे त्याचे काम. वेष्टनासाठी केई या चित्रकाराने लांब, निळ्या-हिरव्या दोन शेपट्या घातलेली मुलगी काढली. कंपनीने तिच्याविषयी फारच थोडे सांगितले. वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो, आणि कोणत्या प्रकारचे गाणे तिच्या गळ्याला शोभेल याच्या काही नोंदी. आईवडील, गाव, स्वभाव, काहीही नाही.

ही रिकामी जागा निर्णायक ठरली. तिच्या हातात दिसणारी कांद्याची लांब हिरवी पातही कंपनीने दिलेली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये एका चाहत्याने तिच्याकडून एक फिनिश लोकगीत गाऊन घेतले व सोबतच्या लहानशा चित्रफितीत तिला पात फिरवताना दाखवले. लोकांना ते इतके आवडले की पात तिची ओळखच झाली आणि पुढे अधिकृत वस्तूंवरही आली. म्हणून प्रश्नाचे उत्तर असे देता येईल की ती वाद्य म्हणून विकली गेली आणि गायिका तिला लोकांनी केले.

मिकूला कथाच नसेल, तर तिच्याभोवती कथाविश्वे कशी उभी राहिली?

या गायकांना नट समजावे, म्हणजे उलगडा होतो. एकच नट आज राजा होतो, उद्या भिकारी, आणि आपण गोंधळत नाही. क्रिप्टनने २००७ च्या डिसेंबरमध्ये कागामिने रिन आणि लेन ही मुलगी-मुलग्याची जोडी आणली. दोघांनाही आवाज एकाच अभिनेत्रीचा, आसामी शिमोदा यांचा आहे. ही दोघे भावंडे, की आरशातील प्रतिबिंबे, की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे असे सोडून दिले गेले.

२००८ मध्ये मोथी या टोपणनावाने लिहिणाऱ्या संगीतकाराने त्यांच्यासाठी दोन गाणी रचली. पहिल्यात रिन ही एका राज्याची क्रूर राजकन्या आहे. प्रजा उठाव करते, ती पकडली जाते आणि दुपारी तीन वाजता घंटा वाजत असताना तिचा शिरच्छेद होतो; मरताना ती गर्दीकडे ढुंकूनही न पाहता, अरे, खाऊची वेळ झाली की, असे काहीसे म्हणते. श्रोत्याला ते तिच्या निगरगट्टपणाचे शेवटचे टोक वाटते. मग दुसरे गाणे येते, ते लेनच्या, म्हणजे तिच्या सेवकाच्या तोंडचे. तो तिचा जुळा भाऊ असतो. उठाव झाल्यावर तो तिचे कपडे स्वतः घालतो, तिला पळून जायला सांगतो आणि तिच्या जागी मरतो. खाऊचे ते वाक्य त्याने उच्चारलेले असते, ओळख पटू नये म्हणून आणि ते बहिणीच्या तोंडी नेहमी असे म्हणून.

दोन्ही गाण्यांत प्रसंग तोच, घंटाही तीच. पण दुसरे गाणे ऐकल्यानंतर पहिले पूर्वीसारखे ऐकता येत नाही. सामायिक कथाविश्वाची खरी ताकद मला येथे दिसते, आणि हे एका मोठ्या कंपनीने नव्हे, तर एकट्याने काम करणाऱ्या संगीतकाराने साधले आहे. या जोडगीतांपासून पुढे शतकानुशतकांचा काल्पनिक इतिहास असलेले कथाविश्व वाढले, त्यावर कादंबऱ्या आल्या, आणि मिकू व इतर आभासी गायकांना त्यात वेगवेगळी पात्रे मिळाली.

याच धर्तीवर जिन या संगीतकाराचा ‘कागेरोऊ प्रोजेक्ट’ २०११ पासून गाण्यांतून सुरू झाला, कादंबऱ्यांत विस्तारला आणि २०१४ मध्ये शाफ्ट या स्टुडिओने त्यावर ॲनिमेशन मालिका केली. त्याच्या प्रत्येक गाण्यात एका मुलाची किंवा मुलीची हकिकत असते आणि ती मुले एकमेकांना ओळखतात हे हळूहळू कळत जाते.

प्रत्यक्ष कार्यक्रमात ही पात्रे रंगमंचावर कशी येतात?

मूळ युक्ती जुनी आहे. लंडनमध्ये १८६२ मध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर तिरकी काच उभी करून, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या नटाचे प्रतिबिंब भूत म्हणून दाखवले होते. काचेच्या जागी पातळ, पारदर्शक पापुद्रा ताणून २००६ च्या ग्रॅमी सोहळ्यात गोरिलाझची पात्रे मॅडोनासोबत एकाच मंचावर दाखवली गेली. अल्बार्न यांनी नंतर यातील अडचण सांगितली. खर्जाच्या स्वरांनी तो पापुद्रा थरथरतो आणि भास मोडतो, म्हणून आवाज फारच खाली ठेवावा लागला. संगीताच्या कार्यक्रमात संगीतच दबावे लागणे हा सौदा महागच म्हणायचा. त्याआधी २००१ च्या कार्यक्रमांत वादक पडद्यामागे राहून वाजवत आणि पडद्यावर पात्रे दिसत. अलीकडे वादक समोर असतात आणि पात्रे त्यांच्यामागच्या मोठ्या पडद्यावर.

मिकूसाठी रंगमंचाच्या मध्यभागी उभ्या पारदर्शक पडद्यावर मागून प्रक्षेपण करतात आणि बाजूला खरे वादक असतात. समोरून ती उभी असल्यासारखी दिसते. अगदी कडेला बसणाऱ्याला तसे दिसत नाही, तेव्हा तिकीट काढताना मधली जागा मिळाल्यास सोडू नये. ९ मार्च २०१० चा तिचा टोकियोतील कार्यक्रम प्रसिद्ध आहे. तारीख मुद्दाम निवडलेली होती, कारण जपानीत ३ चा एक उच्चार ‘मि’ आणि ९ चा ‘कु’ असा होतो.

या पात्रांची चित्रे काढून किंवा गाणी करून प्रसिद्ध करता येतात काय?

पात्रागणिक उत्तर वेगळे आहे. मिकूच्या बाबतीत क्रिप्टनने २००७ मध्येच पिआप्रो हे संकेतस्थळ सुरू केले. तिच्या मूळ चित्रांवर आधारित, नफ्यासाठी नसलेले काम करण्याची मुभा कंपनीने दिली आहे आणि २०१२ मध्ये त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय देणारा, अव्यावसायिक परवानाही लागू केला. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याने त्यातून केलेले गाणे विकणे आणि मिकूचे चित्र छापून टी-शर्ट विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरीसाठी कंपनीची परवानगी लागते. शिवाय एखाद्या संगीतकाराने रचलेली कथा आणि गाणे हे त्याचे स्वतःचे असते. मिकू सर्वांची म्हणून राजकन्या आणि सेवकाची कथाही सर्वांची, असा अर्थ काढू नये.

गोरिलाझ, आर्चीज यांसारख्या पात्रांना अशी खुली मुभा नाही. हौसेने काढलेल्या चित्राला सहसा कोणी आडवे येत नाही, पण विक्री सुरू केली की प्रकरण कायद्याचे होते.

मराठी किंवा भारतीय कलाकारांचा या जगाशी संबंध आला आहे काय?

आला आहे, आणि तो मोठा आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालेल्या गोरिलाझच्या ‘द माउंटन’ या अल्बममध्ये आशा भोसले यांचा आवाज आहे. त्यांच्याबरोबर अनुष्का शंकर यांची सतार, अजय प्रसन्ना यांची बासरी आणि अमान व अयान अली बंगश यांचे सरोद आहे. अल्बमवर देवनागरीत ‘पर्वत’ ही अक्षरेही आहेत. अल्बार्न आणि ह्यूलेट या दोघांचेही वडील थोड्याच दिवसांच्या अंतराने वारले आणि त्यानंतर ते भारतात हिंडले. अल्बार्न यांनी वडिलांच्या अस्थी वाराणसीत विसर्जित केल्या. अल्बमचा विषय मृत्यू आणि त्यापलीकडचे असा आहे, तो या प्रवासातून आलेला आहे.

पडद्यावरील कितीतरी नायिकांना ज्या गळ्याने आवाज दिला, तो चितारलेल्या बँडच्या जगात आपल्या स्वतःच्या नावाने दाखल झाला, ही गोष्ट मला फार समाधानाची वाटते. तेथे त्या कोणाच्या ओठांमागे नाहीत.

सुरुवात कोठून करावी?

गोरिलाझसाठी पहिल्या दोन अल्बमच्या चित्रफिती प्रसिद्धीच्या क्रमाने पाहाव्यात. ‘इंटरस्टेला ५५५५’ एका बैठकीत पाहावा, मधे थांबू नये. राजकन्या आणि सेवकाची गाणी मात्र वर सांगितलेल्या क्रमानेच ऐकावीत. कथा येथे आधीच कळली म्हणून परिणाम कमी होईल, अशी भीती बाळगू नये. दुसऱ्या गाण्याचा शेवट जो परिणाम करतो, तो सांगून कळत नाही.

मिकू मराठीत गाऊ शकते काय?

थोडेफार. तिचे अक्षरसाठे जपानीत, नंतर इंग्रजीत आणि चिनीत निघाले, मराठीत नाहीत. जपानी साठ्यातून मराठी गाऊन घ्यायचे तर जवळची अक्षरे निवडून जुळवाजुळव करावी लागते. स्वर जमतात, कारण अ, इ, उ, ए, ओ दोन्हीकडे जवळपास सारखे आहेत. ‘नको’, ‘सखी’मधला ‘स’, ‘माझे’मधला ‘मा’ यांना अडचण नाही. अडचण येते ती ट, ठ, ड, ढ आणि ण या मूर्धन्य वर्णांशी, ख, घ, भ यांच्या महाप्राणांशी आणि र-ल या भेदाशी, कारण जपानीत या दोहोंसाठी एकच ध्वनी आहे. शब्दाच्या शेवटी व्यंजन आले तर तेही स्वर लावून सैल होते. ‘पाऊस’चा ‘पाऊसु’ होतो.

ज्याला हे करून पाहायचे असेल त्याने ‘आभाळ’ या शब्दापासून आरंभ करावा. ‘आ’ स्वच्छ निघेल, ‘भा’चा ‘बा’ होईल, आणि ‘ळ’पाशी गाडी अडेल. ‘र’ आणि ‘ल’ यांच्या मधला, जिभेचा एकच हलका टपका असलेला जो ध्वनी साठ्यात आहे, तो लावून, त्यामागचा स्वर जमेल तितका आखूड करून, पुन्हा पुन्हा ऐकत पुढे जावे लागेल.